आऱ्या

उपासाच्या दाण्यांतले सात
मी कुटातून वाचवले, एवढंच.
बाकीचे खिचडीत गेले.

अल खोर, चौथा मजला,
बाथरूमलगतची ती कोनाड्याएवढी खोली
जिथे आधीचा भाडेकरू सूटकेसा रचायचा.
तिथे आता जांभळा दिवा सोळा तास जळतो
आणि माशांच्या टाकीचा पंप घोरतो,
मासे नाहीत तरी.
पाणी समुद्राचंच. उकळून, वाफ करून
पुन्हा पाणी केलेलं.
दिवसभर प्लांटच्या लॅबमध्ये मी त्याच्याच बाटल्या तपासते
आणि घरी येऊन पुन्हा तेच,
पीएच किती, क्षार किती,
लेकराचा ताप बघावा तसं.

सातांतले चार उगवले, एक राहिला.
मटकीनं घाई केली, वालानं रुसून पान पिवळं केलं,
चवळी सरळ एसीच्या पाइपावर चढली
आणि तिथून तिनं पडद्याच्या दांडीला हात घातला.
भुईमूग दिवा मालवला की
पानं जोडून निजायचा.

एकदा मुळं उचलून पाहिली.
पांढरी, निर्मळ, नुकतं न्हाऊन आल्यासारखी.
गाठ एकही नाही.
शेतात म्हणे त्या गाठींत
हवेतलं खत साठवून ठेवतात मुळं.
इथे मी बाटलीतून आयतं पाजते,
कोण कशाला गाठीला काही बांधेल?

अडतिसाव्या दिवशी पिवळं फूल.
लिफ्टपाशी अब्देलबागी भेटला, इमारतीचा हारिस.
फोटो दाखवला तर म्हणाला, "फूल!"
मी म्हटलं, हो, फूल.
"फूल सुदानी," छातीवर हात ठेवून तो म्हणाला,
आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या हातवाऱ्यांत सांगितलं
की त्याच्याकडे फूल म्हणजे फूल नव्हे,
दाणा.
मी अजून पाकळ्यांशीच होते,
तो शेंगेवर पोचलाही होता.

फूल सुकलं. आरी सुटली,
जांभळट, टोकदार, मान खाली घातलेली.
मग दुसरी. मग मोजणं सोडलं.
खाली भाजक्या मातीच्या गोट्या, त्याखाली पाणी.
आऱ्या गोट्यांच्या दोन बोटं वर थांबल्या
आणि दोन तशाच अधांतरी काळ्या पडल्या.
इथे कुणी आपल्याविषयी काहीबाही म्हणेल.
मी नाही म्हटलं.
मला शेंगा हव्या होत्या.

अब्देलबागी चपला दारात काढून आला,
गुडघ्यांवर बसला,
बोटाच्या टोकानं एका आरीला जरासं शिवला.
"हिला अंधार पाहिजे," म्हणाला. "आणि थोडं ओझं."
कुर्दुफानात त्याची बहीण यंदा पेरते आहे का
ते मी विचारलं नाही.
मागच्या रमजानपासून फोन लागत नाही,
हे त्यानं झाडाकडे बघतच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बिस्किटांच्या डब्यातून वाळू आली,
किनाऱ्याची नाही, आतली, तरीही खारट.
तांदळासारखी धुतली मी ती,
चार पाणी गेली, पाचव्याला मीटर गप्प झाला.
निम्मा तर शिंपल्यांचाच चुरा,
चुना वेगळा घालावा लागला नाही.
पसरट ताटलीत ओतून झाडाखाली सरकवली,
वर काळं कापड.

मग दोन महिने पाहण्यासारखं काही नव्हतं.
लिफ्टमध्ये तो भुवया उंचवायचा,
मी खांदे.

एकशे सव्विसाव्या दिवशी, शुक्रवारी, झाड उपटलं.
वाळू फरशीभर.
अकरा शेंगा, तीन पोचट.
चार दिवस खिडकीत वाळवल्या.
मी मिठात उकडणार होते, तो म्हणाला,
नाही, तव्यावर, वाळूत.
तीच वाळू घेतली.

आठ शेंगांचे सतरा दाणे.
आठ त्याला, आठ मला,
सतरावा बशीत.
तू घे, तू घे झालं, मग कुणीच घेतला नाही.
भाजलेला होता,
पेरायच्याही कामाचा नव्हता.
चहा संपेपर्यंत आम्ही त्याच्याकडे बघत बसलो.
आत पंप चालूच होता,
चवळीसाठी.